रविवारी दुखणारं डोकं

त्या बाई आल्या तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि रस्त्यावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. समोरच्या घड्याळांच्या दुकानाची पाटी दिसत नव्हती, नुसते टोले ऐकू येत होते. जिना चढून आलेल्या बाईंच्या केसांवर बारीक थेंब होते. त्यांनी पिशवीतून तेलाची बाटली काढून टेबलावर ठेवली.

"माझ्या भाचीला मी विष देतेय का, एवढं मला शोधून द्या," त्या म्हणाल्या.

मास्तरांच्या हातातलं बिस्किट हातातच राहिलं.

टाचणीबाईंनी मात्र लगेच मान वर केली नाही. त्या एका चिठ्ठीला दुसरी चिठ्ठी टोचत होत्या. वीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे शोधून काढल्यावर त्यांनी खाजगी तपासाचं काम सुरू केलं होतं. अंगाने काटकुळ्या, नजर टोकदार आणि बाहीवर कायम चार टाचण्या खोचलेल्या, म्हणून हे नाव पडलं होतं. मास्तर त्यांचे शेजारी. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांचं घर समोरच होतं, पण त्यांना बसायला खुर्ची इथलीच लागायची.

"बसा," टाचणीबाई म्हणाल्या. "भाची केवढी?"

"आठ वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी म्हणतो आम्ही तिला. पण गेले तीन महिने रविवार उजाडला की संपलं. दुपारपर्यंत दोन्ही हातांनी डोकं धरून आडवी होते. उजेड नको, बोलणं नको. सोमवारी संध्याकाळी घरी येते ती मात्र नाचत."

"फक्त रविवारी?"

"फक्त रविवारी. आणि रविवारीच मी दिवसभर तिच्याजवळ असते." आत्याबाई बाटलीकडे बघत होत्या. "बाकी सहा दिवस मी रोपवाटिकेत कामाला. भावजय छापखान्यात मजकूर तपासते. भाऊ जहाजावर. वडील चहाच्या वखारीत चाखणारे आहेत. माल विकायला जाण्याआधी चाखून शेरा लिहायचा, हे त्यांचं काम. भिंगरी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडेच जाते आणि सहाला त्यांच्याबरोबर घरी येते. रविवारी तिच्या डोक्याला तेल लावून न्हाऊ घालायचं, ते काम माझं. तेल मी घरीच करते, रोपवाटिकेतली पानं उकळून."

"डॉक्टरांनी पाहिलं?"

"डोळे, दात, कान, रक्त, सगळं पाहिलं. काही सापडलं नाही. मग भावजय म्हणाली, तेलाचंच असणार. मी तेल बंद केलं. तीन रविवार तिच्या केसांना बोट लावलं नाही, तरी दुखलंच. दुखायला लागलं की मी सुंठीचा पातळ लेप लावते, ओल्या फडक्याच्या घड्या ठेवते, पडदे ओढते, लिंबूपाणी पाजते. आता भावजयीला त्या लिंबूपाण्याचा संशय आहे. येत्या रविवारी मी घर सोडायचं ठरलंय. रोपवाटिकेत एक खोली मिळतेय."

"तुम्ही भांडला नाहीत?"

"कशाच्या जोरावर भांडू? कधीकधी मलाच वाटतं, एखादं भलतं पान माझ्या हातून उकळलं गेलं असेल. पोर तान्ही होती तेव्हापासून माझ्या मांडीवर वाढली. आता तिच्या कपाळाला हात लावण्याआधी मी तो दोनदा धुते."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं, कारण रुमाल पुढे करण्याचं काम त्यांना चांगलं जमायचं.

"आज बुधवार," टाचणीबाई म्हणाल्या. "चार दिवस आहेत. बाटली राहू द्या."

*

संध्याकाळी दोघं आत्याबाईंच्या घरी गेली. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीत कुंड्या. धुकं पुन्हा उतरायला लागलं होतं आणि खोलीतला दिवा पिवळसर, झोपाळलेला दिसत होता. भिंगरीची आई टेबलाशी बसली होती. कानामागे पेन्सिल, समोर छापील कागदांची चळत.

मास्तरांना नव्या घरात शिरलं की चहाची आठवण व्हायची. ती त्यांनी सूचकपणे बोलून दाखवली.

"आमच्याकडे चहा करत नाहीत," आई म्हणाली. "बाबांचं म्हणणं, घरी चहा पिणाऱ्याची जीभ कामाला येत नाही. लग्न होऊन आले आणि माझाही सुटला."

"मी लिंबूपाणी आणते," आत्याबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. दोघी एकमेकींकडे न बघता बोलत होत्या.

आईने एक वही पुढे केली. तारखा, वेळा, शेरे, सगळं सुवाच्य. तेरा रविवार लिहिलेले होते. बारांपुढे फुली होती, एक कोरा.

"या कोऱ्या रविवारी काय झालं?" टाचणीबाईंनी विचारलं.

"बाबांच्या वखारीत अचानक माल आला होता. ते तिला दहा वाजताच सोबत घेऊन गेले, चारला आणलं. त्या दिवशी डोकं दुखलं नाही. ताई घरी होत्या." तिने पेन्सिल हातात घेतली आणि ठेवून दिली. "मी काही दुष्ट बाई नाही हो. छापखान्यात एका चुकीमागे मी दिवस घालवते, आणि घरात पोर तळमळते तर नुसती बघत बसू? नवरा जहाजावरून विचारतो, पोर कशी आहे. मी त्याला काय सांगू?"

मास्तरांनी डॉक्टरांचा कागद मोठ्याने वाचायला घेतला. त्यांना वाटे, मोठ्याने वाचलं की तपास पुढे सरकतो. "चष्मा नको. जेवण वेळेवर. पाणी पुरेसं. चहा-कॉफी नाही. मोबाइल थोडा. अभ्यासाचा ताण नाही. झोप उशिरा लागते."

"उशिरा म्हणजे?"

"साडेनऊला पडते, पण डोळे टक्क उघडे. रविवारी मात्र लवकर झोपते. दुखून दमलेली असते ना."

तेवढ्यात दार उघडलं आणि भिंगरी दोन गिरक्या घेत आत आली. मागून आजोबा आले, पांढऱ्या मिशा, हातात तिचं दप्तर. भिंगरी मास्तरांच्या कोटाजवळ थांबली आणि तिने नाक पुढे करून हुंगलं.

"तुमच्या कोटाला खोडरबराचा वास येतो," ती म्हणाली. "पण जुन्या. वापरून वापरून गोल झालेल्या."

मास्तरांनी खिशात हात घातला. आत खरंच एक गोल झालेलं खोडरबर होतं. ते त्यांनाच आठवत नव्हतं.

आत्याबाईंनी पेले आणले. मास्तरांनी मोठा घोट घेतला आणि त्यांचे डोळे पाण्याने भरले. बिचाऱ्या बाईंनी साखरेच्या जागी मूठभर मीठ घातलं होतं. मास्तर शिष्टाचाराने अर्धा पेला रिचवून गप्प बसले. टाचणीबाईंनी ओठ लावून पेला खाली ठेवला. आजोबांनी आपला पेला एका दमात संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "वा, बरं वाटलं."

"मोठा सभ्य माणूस," खाली आल्यावर मास्तर म्हणाले. "सुनेपुढे लेकीची फजिती होऊ दिली नाही. मला मात्र अजून समुद्रात बुडून आल्यासारखं वाटतंय."

टाचणीबाईंनी बाहीवरच्या चारपैकी एक टाचणी काढून कॉलरला लावली.

*

गुरुवारी मधल्या सुट्टीत ते शाळेत गेले. भिंगरीच्या बाईंना फार वेळ नव्हता.

"दंगा करते हो फार," त्या म्हणाल्या. "मंगळवार ते शनिवार तिला आवरता आवरता माझंच डोकं दुखतं. सोमवारी मात्र गरीब गाय. मधल्या सुट्टीतसुद्धा बाकावर डोकं टेकून पडलेली. मला वाटतं, रविवारी घरचे फार हिंडवत असतील."

"म्हणजे आत्याबाईंचं औषध सोमवार दुपारपर्यंत पुरतं," बाहेर पडताना मास्तर म्हणाले. त्यांना ते म्हणताना वाईट वाटलं, कारण आत्याबाई त्यांना आवडल्या होत्या.

"मास्तर, दुखणं सुरू कधी होतं ते सगळ्यांनी लिहून ठेवलंय. संपतं कधी, ते कोणी पाहिलंच नाही."

"संपतं तेव्हा सगळे सुटतात. बघायला कोण थांबतं?"

"तेच," टाचणीबाई म्हणाल्या. दुसरी टाचणी कॉलरला गेली.

*

चहाची वखार नदीच्या कडेला होती. खाली पेट्या, गोण्या, हमालांच्या हाका. चाखण्याची खोली वर होती आणि तिथे खालचं काही ऐकू येत नव्हतं. भिंतभर उंच खिडक्या, त्यांतून येणारा मऊ उजेड आणि त्या उजेडात एक लांबच लांब पांढरा ओटा. ओट्यावर छत्तीस वाट्या एका रांगेत मांडलेल्या होत्या. प्रत्येकीतून वाफ निघत होती. वाफ वर जाऊन छताशी जमत होती, आणि त्या वाफेत आजोबा आणि नात अगदी हळू चालत होते. मास्तरांना वाटलं, आपण जागे आहोत की डुलकी लागली आहे, हे एकदा कोणाला तरी विचारून घ्यावं.

आजोबा चमचा बुडवत, जोरात सुर्र करून चहा जिभेवर ओढत आणि चाकांच्या उंच पितळी भांड्यात थुंकत. भांड्याचा आवाज यायचा. मग भिंगरी आपलं लाकडी स्टूल सरकवायची, त्यावर चढायची, आपल्या चमच्याने तसंच सुर्र करायची, डोळे मिटायची आणि आजोबांच्या कानात काहीतरी सांगायची. आजोबा हसायचे आणि वहीत लिहायचे. मग पुढची वाटी. मास्तरांना ते आजोबा-नातीचं गुपित इतकं गोड वाटलं की त्यांनी खिशातल्या कागदावर दोघांचं चित्र काढायला घेतलं.

टाचणीबाई शेऱ्यांची वही चाळत होत्या. वर्षाच्या सुरुवातीला शेरे असे होते: तुरट. मध्यम. रंग बरा. पुढची पानं निराळी होती. 'नव्या पेन्सिलीचं टोक.' 'पावसात राहिलेली वही.' 'तापातून उठल्यावरचं पहिलं बिस्किट.'

"हल्ली सुचायला लागलंय म्हातारपणी," आजोबा म्हणाले. "गिऱ्हाईकं आधी शेरा वाचतात आणि मग भाव विचारतात."

"ही किती दिवस येतेय इथे?"

"थंडीत मला ताप आला होता, पंधरा दिवस अंथरुणात होतो. उठल्यावर एकटं एकटं वाटायला लागलं. तेव्हापासून आणतो सोबतीला."

"आणि दिवसाला किती चहा पिता, आजोबा?"

"पितो?" म्हातारा दुखावल्यासारखा झाला. "इथे चहा कोणी पीत नाही. जिभेवर घ्यायचा, टाकून द्यायचा. गिळला तर पुढची चव बिघडते. चाळीस वर्षांत घोटभर गिळला नसेल. हिलाही पहिल्या दिवशी तेच शिकवलं."

आजोबांच्या अंगात चाखणाऱ्यांचा शुभ्र झगा होता, पण तो शुभ्र राहिलेला नव्हता. छातीवर, बाहीवर तपकिरी ठिपकेच ठिपके. भिंगरीच्याही अंगात तसाच छोटा झगा होता.

"धुता कधी?"

"महिन्याअखेरीला, म्हणजे आता पुढच्या आठवड्यात. दोन्ही एकदम."

छोटा झगा कोरा करकरीत होता. टाचणीबाईंनी तो पुढून-मागून पाहिला.

"तुमची लेक घर सोडून जातेय, आजोबा," त्या हळूच म्हणाल्या.

आजोबांचा चमचा थांबला. "दोघी मला सारख्याच. कोणाची बाजू घेऊ? आणखी सहा महिने इथलं काम आहे. ते एकदा मानाने संपलं की घरात लक्ष घालीन."

"तोवर उशीर होईल," टाचणीबाई म्हणाल्या.

परत येताना मास्तरांनी आपला निष्कर्ष सांगितला. छापखान्याच्या शाईचा वास. आई रविवारी घरी असते, तिच्या कपड्यांना तो वास असतो, मुलीचं नाक तिखट.

"आई रोज रात्रीही घरी असते," टाचणीबाई म्हणाल्या. "आणि कोऱ्या रविवारचं काय?"

मास्तरांनी कोऱ्या रविवारचा विचार नदी संपेपर्यंत केला. मग सोडून दिला.

*

शनिवारी चार वाजता टाचणीबाईंनी सगळ्यांना चाखण्याच्या खोलीत बोलावलं. खालची माणसं घरी गेली होती. वाट्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या, पण वाफेचा ओलावा अजून हवेत होता. आत्याबाई दाराशी उभ्या राहिल्या, आई खिडकीशी. भिंगरी स्टुलावर बसून पाय हलवत होती आणि आजोबा तिच्या मागे.

"बाटलीतलं तेल मी तपासून घेतलं," टाचणीबाईंनी सुरुवात केली. "तेलात तेल आहे आणि पुदिना आहे. पण ते तपासायची गरजच नव्हती. तीन रविवार तेल नव्हतं, तरी दुखलं. राहिलं लिंबूपाणी. ते तर डोकं दुखायला लागल्यावर देतात. जे नंतर येतं त्याने आधीचं कसं दुखेल?"

"मग काय देतात हिला रविवारी?" आईने विचारलं.

"हाच प्रश्न तुम्ही तीन महिने विचारताय आणि म्हणून उत्तर मिळत नाही. रविवारी हिला काही दिलं जात नाही. रविवारी हिला रोजचं काहीतरी मिळत नाही." टाचणीबाईंनी कॉलरवरच्या टाचण्या एकेक काढून ओट्यावर ठेवायला सुरुवात केली. "दुखणं रविवारी दुपारी सुरू होतं. संपतं कधी? सोमवारी सकाळी नाही. मधल्या सुट्टीत ही बाकावर डोकं टेकून असते, बाईंनी सांगितलं. संपतं सोमवारी संध्याकाळी, म्हणजे शाळा आणि घर यांच्या मधे. मधे फक्त ही खोली आहे."

टाचणीबाईंनी दुसरी टाचणी पहिलीच्या शेजारी ठेवली.

"कोरा रविवारही तेच सांगतो. त्या दिवशी ही आत्यापासून दूर होती, हे खरं. पण ही कुठे होती? इथे, दहा वाजल्यापासून. हिला रोज इथे काहीतरी मिळतं आणि ते एक दिवस मिळालं नाही की डोकं ठणकतं. शिवाय बाकीचे सहा दिवस हिला झोप येत नाही. असं काय असतं ते तुम्हाला कोणालाही माहीत आहे. डॉक्टरांनीही विचारलं होतं."

"चहा?" मास्तर म्हणाले, आणि आपण बरोबर बोललो हे कळून त्यांना धक्काच बसला.

"पण आम्ही खरंच चहा देत नाही," आई म्हणाली.

"तुम्ही खरंच सांगितलंत. घरात चहा होत नाही. वखारीत चहा पीत नाहीत. चहावर पोट भरणाऱ्या घरात कोणाला शंका येणार? दुसऱ्या कुठल्याही घरात डॉक्टरांच्या त्या प्रश्नावर कोणीतरी क्षणभर थांबलं असतं."

"ती थुंकते," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज लहान झाला होता.

"तुमचा झगा बघा. चाळीस वर्षं हात बसलेला असून ठिपक्यांनी भरलाय. आठ वर्षांच्या पोरीने सुर्र करून त्या उंच भांड्यात थुंकायचं आणि झग्यावर महिनाभर एक थेंब नाही? त्या भांड्याचा आवाज मी मोजला. दर वाटीला एकदाच आला. दोनदा कधीच नाही."

भिंगरीचे पाय हलायचे थांबले. "थुंकलं की चव अर्धीच राहते," ती म्हणाली. "गिळल्यावर कळते पूर्ण. आणि आजोबांना पूर्ण सांगायला लागते."

"का सांगायला लागते?" टाचणीबाईंनी विचारलं, पण तिच्याकडे न बघता.

आजोबांनी समोरची एक पालथी वाटी सरळ केली आणि पुन्हा पालथी घातली. त्यांच्या लेकीने एक पाऊल पुढे टाकलं आणि ती थांबली.

"बुधवारी मास्तर मिठाचं पाणी प्याले आणि त्यांचे डोळे भरून आले," टाचणीबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, बरं वाटलं. मास्तरांना वाटलं तुम्ही सभ्य आहात. सभ्य आहात, पण माणूस सभ्यतेने पाणी पिताना एकदा तरी थबकतो. तुम्ही थबकला नाहीत. थंडीतल्या तापानंतर तुमच्या वहीतले शेरे बदलले. पेन्सिल, वही, बिस्किट. हे चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाचं बोलणं नाही. त्याच दिवशी हिने मास्तरांच्या कोटाचा वास जसा सांगितला, तसं ते आहे."

"जीभ गेली," आजोबा म्हणाले. "तापाबरोबर गेली. चहा आणि कोमट पाणी मला एकच. वाटलं, उरलेले महिने कसेतरी काढू. पोरीला म्हटलं, आपला खेळ, कोणाला सांगायचा नाही. तिने नाही सांगितला." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "तू घराबाहेर निघालीस तरी मी माझी अब्रू सांभाळत गप्प बसलो. मला खरंच कळलं नाही, गं, की या दोन गोष्टींचा काही संबंध आहे. पण कळलं नाही हे काही कारण झालं नाही. मला लाज वाटते."

"मी चुकीची चव सांगितली का?" भिंगरीने विचारलं. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

"एकही चुकीची नाही," आजोबा म्हणाले. "तू माझ्यापेक्षा चांगली चाखतेस. म्हणूनच हे असं झालं." त्यांनी तिच्या हातातून चमचा काढून घेतला. "सोमवारी मी मालकांना सगळं सांगतो. वहीत तापानंतरच्या सगळ्या पानांवर कोणाचे शेरे आहेत तेही."

"चाखण्याचा चहा घरच्यापेक्षा कितीतरी कडक," टाचणीबाई म्हणाल्या. "छत्तीस चमचे म्हणजे रोज दोन-अडीच कप झाले, ते एवढ्याशा जिवात. मी डॉक्टरांशी बोलले. आजपासून बंद. उद्या दुखेल, आणखी चार-पाच दिवसही दुखेल, मग थांबेल. तोवर करायचं काय, तर भरपूर पाणी, वेळेवर जेवण, अंधारी खोली, ओल्या घड्या आणि झोप. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं. मी म्हटलं, हे त्या घरात एक बाई तीन महिने करताहेत."

आईने दाराकडे पाहिलं. आत्याबाई तिथे नव्हत्या. जिन्यावर त्यांची पावलं वाजत होती, सावकाश, खाली जाणारी.

*

रविवारी साडेबाराला टाचणीबाई आणि मास्तर तिसऱ्या मजल्यावर चढले. आपलं म्हणणं खरं ठरतंय का, हे बघितल्याशिवाय टाचणीबाई कुठलंच काम संपलं असं मानत नसत.

ते खरं ठरलं होतं. आतल्या खोलीचे पडदे ओढलेले होते आणि भिंगरीचं बारीक कण्हणं बाहेर ऐकू येत होतं. बाहेरच्या खोलीत, पायांत चपला घालून, आत्याबाई उभ्या होत्या. शेजारी बांधलेली बॅग होती. आजोबा खुर्चीत मान खाली घालून बसले होते.

"तुमच्यावरचा संशय गेला ना आता?" मास्तर गोंधळून म्हणाले.

"संशय गेला," आत्याबाई म्हणाल्या. "पण तो आला कसा, हे मी विसरू शकत नाही. तीन महिन्यांत मला एकदाही कोणी समोर बसवून विचारलं नाही. वहीत लिहिलं. मी स्वतःलाच विषारी समजायला लागले होते. जिथे असं होऊ शकतं तिथे कशी राहू?"

आतून आई बाहेर आली. तिच्या हातात ओलं फडकं होतं, ते नीट पिळलेलंही नव्हतं, त्यातून पाणी गळत होतं. तिने आधी बॅग पाहिली, मग चपला.

"ताई, तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली. "मी तुम्हाला विचारायला हवं होतं. मला भीती वाटत होती आणि भीतीला मला एक नाव हवं होतं. तुमचं नाव जवळ होतं. याची माफी मी आज मागते, आणि तुम्हाला ती पुरी वाटेपर्यंत रोज मागेन. तुम्ही गेलात तरी तिथे येऊन मागेन."

आत्याबाईंनी बॅगेची मूठ धरली.

"मी घडी ठेवली तर ती म्हणते, अशी नाही. लेप लावला तर म्हणते, जाड झाला. मी आई आहे तिची आणि मला हे येत नाही. सगळ्या रविवारी मी वेळ लिहीत बसले आणि तुम्ही तिच्याजवळ बसलात." आईने डोळे पुसले, त्याच ओल्या फडक्याने. "'राहा' असं मी माझ्यासाठी नाही म्हणू शकत. तिला सोडून जाऊ नका."

आतून हाक आली. फार क्षीण, पण स्पष्ट. "आत्या."

आत्याबाईंनी बॅगेची मूठ सोडली. मग त्यांनी चपला काढल्या, भावजयीच्या हातातलं फडकं घेतलं आणि न्हाणीत जाऊन घट्ट पिळलं. आतल्या खोलीच्या दाराशी त्या थांबल्या.

"तूही ये," त्या म्हणाल्या. "आधी फडक्याची चौपदरी घडी करायची. कपाळावर ठेवली की वरून हात दाबून धरायचा नाही, नुसता ठेवायचा. बघ."

दोघी आत गेल्या. टाचणीबाईंनी मास्तरांच्या बाहीला धरून त्यांना जिन्याकडे वळवलं. मास्तरांना आणखी थांबायचं होतं, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. आतून आत्याबाईंचा आवाज येत होता, आणि त्याच्या पाठोपाठ, चुकत माकत, भिंगरीच्या आईचा.